शेवटचं गाणं माझं

३ मार्च, सोमवार

तीन आठवडे बोलायचं नाही! एक अक्षर नाही. हसायचंसुद्धा बेतानं, म्हणाल्या.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घातली आणि आतलं सगळं पडद्यावर दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या. त्यांच्यामुळे म्हणे माणूस बोलतो. आणि डाव्या पट्टीवर एक लालसर गाठ, मसुराच्या दाण्याएवढी. एवढ्याशा दाण्यानं माझा आवाज बसवला? विचारायला तोंड उघडलं, तर बाईंनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. बालवाडीतल्या पोराला करतात तसं!

मग सगळी उत्तरं बायकोनं दिली. काम काय? पहाटे घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारतात, बारा वर्षं झाली. आणि संध्याकाळी रॅप करतात. "म्हणजे दोन्ही वेळा ओरडतात," असं तिनं वर थोडक्यात सांगितलं. रॅप म्हणजे ओरडणं नव्हे, हे लग्न झाल्यापासून तिला समजावतोय. आज समजावता आलं नाही.

गप्प राहून गाठ बसली तर बसली, नाहीतर ऑपरेशन. ऑपरेशननंतर आवाज येतो, पण जसा होता तसा येईलच असं नाही. हे बाईंनी इतक्या सहज सांगितलं की मला आधी कळलंच नाही.

आणि अल्बमचं काय? नऊ गाणी, सगळी भाजीबाजारावर. आठ गाण्यांना आठ पाहुणे. हमालाचं गाणं दोघा जुळ्या भावांचं (ते एकच धरले), तराजूचं एका बाईंचं, बर्फवाल्याचं, ट्रकवाल्याचं आणखी वेगळ्यांचं, सगळी मी लिहिलेली. शेवटचं गाणं 'पुकारा'. ते एकट्या माझं. त्यात पाहुणा नाही. ते माझं आहे म्हणून तर बाकीची आठ वाटून टाकता आली.

बोलता येत नाही तर निदान लिहितो. नाहीतर फुटेन.

४ मार्च, मंगळवार

बायको पोहण्याच्या तलावावर शिकवते. तिची शिट्टी आता घरात आली आहे. मी तोंड उघडलं की वाजवते. सकाळी चपलेचा जोड सापडेना म्हणून "अगं—" एवढंच म्हणालो. शेजारच्या काकूंनी दार उघडून विचारलं, काय झालं!

पाटी आणली आहे, खडू आणलाय. पण भांडण पाटीवर करता येत नाही. मी वाक्य पुरं करेपर्यंत ती दुसऱ्या खोलीत गेलेली असते.

७ मार्च, शुक्रवार

बाजारात मला काट्यावर बसवलं. शेठ भला माणूस, म्हणाला घसा बरा होईपर्यंत वजनं बघ. माझ्या स्टुलावर शेठचा भाचा. कोबीची रास पुढ्यात आणि हा वर्गात धडा वाचल्यासारखा — एक वार... दोन वार... अरे, दोन वारनंतर थांबायचं असतं! तिथे एक श्वास धरायचा. घेणाऱ्याला वाटलं पाहिजे की माल हातचा गेला. तेव्हा बोली चढते. हा कुठेच थांबत नाही.

काट्यावर बसून मी मनात थांबत होतो. कोबी पडेल भावात गेला.

९ मार्च, रविवार

पहिलं रेकॉर्डिंग. रद्द करा म्हणायची सोय नव्हती. मास्तरची खोली गालिच्यांच्या दुकानामागे आहे, आणि दुकानवाल्याला ती मे महिन्याच्या मध्यापर्यंत माल ठेवायला परत हवी आहे. भिंतींना गालिच्यांच्या गुंडाळ्या उभ्या केल्या आहेत, म्हणून आत आवाज घुमत नाही. असा स्टुडिओ पुन्हा कुठला मिळायला! मास्तर म्हणजे आमचा बीट बनवणारा. शाळेत गणित शिकवायचा, म्हणून मास्तर. अजूनही कोणी ताल चुकलं की चष्म्यावरून बघतो.

आज वकीलबाई आल्या होत्या. कोर्टातून निवृत्त होऊन रॅप सुरू करणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. तराजूचं गाणं त्यांचं:

पारडं झुकलं की सगळे काट्याला दोष देतात,
बोट ठेवणारे हात मात्र खिशात जातात.

कागद वाचून त्यांनी सरळ म्हणून टाकलं. शब्द सगळे बरोबर आणि गाणं मेलेलं. मी पाटीवर लिहिलं, 'खिशात'च्या आधी थांबा. त्या थांबल्या, पण दार बंद झाल्यासारख्या. मी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. ताल आला, दम कुठे खायचा ते आलं नाही. पाटीवर बाण काढले, रेघा काढल्या. मास्तर म्हणाला, हे गाणं आहे की पाण्याच्या पाइपांचा नकाशा?

शेवटी त्यांच्या कानाशी जाऊन कुजबुजलो. नुसता वारा, आवाज नाहीच. त्या कडव्याची सगळी चाल कुजबुजीत सांगितली. बाईंनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली, मग एका दमात असं म्हणाल्या की मास्तरनं चष्माच काढून ठेवला.

म्हणजे मार्ग सापडला! कुजबुजणं म्हणजे काही बोलणं नाही. घशाला धक्काही लागत नाही. मला उगाच वाटत होतं की सगळं बुडालं.

१२ मार्च, बुधवार

आईचा फोन. ती गावी, मी इथे, आणि मला बोलायची बंदी. बायकोनं तोड काढली. फोनवर बोटानं एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आई अर्धा तास बोलली, मी टकटक केली. शेवटी म्हणाली, इतकं नीट तू माझं आजवर कधी ऐकलं नव्हतंस. टक.

१६ मार्च, रविवार

जुळे आले होते. दोघे नळदुरुस्तीचं काम करतात आणि एकाचं वाक्य दुसरा संपवतो. हमालाचं गाणं त्यांना दिलं आहे. एकाच्या कानात एक ओळ, दुसऱ्याच्या कानात दुसरी, असा मी मधमाशीसारखा इकडून तिकडे. त्यांना चटकन येतं, पण दोघांना सारखं यावं म्हणून प्रत्येक ओळ दोनदा. दुपारपासून अंधार पडेपर्यंत कुजबुजत होतो.

छान झालं गाणं. जुळ्यांपैकी धाकटा (पाच मिनिटांनी) म्हणाला की कानात सांगितलं की वेगळंच वाटतं, स्टेजवर तू नुसता अंगावर येतोस. मला राग यायला हवा होता, आला नाही.

घसा थोडा कोरडा आहे. गरम पाणी प्यायलो.

१९ मार्च, बुधवार

बर्फवाल्याचं गाणं पूर्ण. ट्रकवाल्याचंही. शिवाय आणखी तीन पाहुण्यांची. पाहुणे आता आधीच कान पुढे करून येतात! मास्तर म्हणतो, सगळ्यांच्या गाण्यात तू ऐकू येतोस, न बोलता. खूश आहे मी.

२० मार्च, गुरुवार

आज पोपट आला होता.

पोपट म्हणजे कॉलेजातला माझा जोडीदार. आम्ही दोघे मिळून रॅप करायचो. तो कोणाचाही आवाज हुबेहूब काढतो. प्राचार्यांचा, कंडक्टरचा, तापलेल्या प्रेशर कुकरचासुद्धा. पुढे स्टेजवर माझा काढायला लागला. लोक हसायचे, आणि मला ते हसणं सोसवेना. झालं, जोडी फुटली. आता जाहिरातींना आवाज देतो. दात घासणारं अस्वल म्हणजे आमचा पोपट. मीच मास्तरकरवी त्याला फोन केला होता. जुनं किती दिवस धरून बसायचं!

दलालाचं गाणं त्याला दिलं. पण तो पक्का कारागीर. मी कानात ओळ सांगितली की म्हणे, पुन्हा. तिथे 'त'वर जरा जास्त जोर होता ना? पुन्हा. आता हळू. आता पूर्ण कडवं. मी काही कमी नाही, मीही मनात म्हणालो बघू कोण आधी थकतं. दोघेही अडून बसलो. गाणं मात्र असं झालंय की आठांत ते उजवं ठरेल. मला थोडी असूया वाटली, ती इथे लिहून टाकतो.

जाताना त्यानं मिठी मारली. म्हणाला, आवाज लवकर आण बाबा, नकला करायला कोणी चांगलं उरलं नाही.

२४ मार्च, सोमवार

गाठ वाढली आहे. आत रक्त साकळलंय.

डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, तुम्ही बोललात. बायको म्हणाली, नाही हो, एक शब्द नाही, माझी शिट्टी आहे घरात. तिनं माझी बाजू घेतली! छाती पुढे काढून घेतली. आणि मी पाटीवर लिहिलं — बोललो नाही, फक्त कुजबुजलो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग अगदी सावकाश सांगितलं की अशा घशाला कुजबुज म्हणजे विश्रांती नव्हे. ओरडताना पट्ट्या एकमेकींवर आपटतात, आणि जोर लावून कुजबुजताना त्या ताणून, आवळून धरल्या जातात. एखादा शब्द वेगळा. तासन्‌तास म्हणजे तुम्ही स्वतःच्या हातानं गाठ वाढवलीत.

पुढच्या सोमवारी ऑपरेशन. आवाज येईल. पण लिलावाचा आवाज विसरा, म्हणाल्या. तो नाही येणार.

मी पाटी उलटी करून मांडीवर ठेवली.

२५ मार्च, मंगळवार

बायको बोलत नाहीये. शिट्टीही वाजवत नाहीये. तलावावरून आली, कपडे वाळत घातले, जेवायला वाढलं. मी पाटीवर 'चुकलो' लिहून ताटाशेजारी ठेवली. तिनं ती उचलली, पदरानं पुसली आणि परत ठेवली.

मग म्हणाली, "सगळ्यांच्या कानात बोललास. माझ्यापुढे नुसती पाटी धरलीस."

ते खरं आहे.

२७ मार्च, गुरुवार

सगळे घरी आले होते. मास्तरनं सांगितलं असणार. खुर्च्या कमी पडल्या, जुळे दारातच बसले. कोणी कोणाकडे बघेना. वकीलबाई मात्र उभ्याच राहिल्या आणि चांगल्या भडकल्या. म्हणाल्या, डॉक्टरांनी गप्प राहायला सांगितलं होतं हे आम्हाला माहीत होतं, आणि तरी आम्ही कान पुढे केले. आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत? एकानं तरी विचारायचं!

मी लिहिलं, मलाच माहीत नव्हतं, तुम्हाला कुठून कळणार. त्यांनी ते वाचलं आणि खाली बसल्या. त्यांचे डोळे भरले होते. बायकोनं सगळ्यांना चहा दिला. वकीलबाईंच्या हातात कप देताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे ती माझ्यावर रागावलेली आहे, ह्यांच्यावर नाही. ठीक आहे. तेवढं मला पेलेल.

पोपट निघताना चपला उलट्या घालून निघाला. "पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं मी," एवढंच म्हणाला.

३० मार्च, रविवार

उद्या. भीती वाटते आहे. साधी, पोरासारखी भीती. मरायची नाही. उठल्यावर मी कोण असेन, ह्याची.

२ एप्रिल, बुधवार

घरी आलो. आठवडाभर संपूर्ण गप्प. या वेळी कुजबुजसुद्धा नाही.

६ एप्रिल, रविवार

गप्प बसल्यावर घरातलं बरंच काही कळतं. बायको भाजी चिरताना गुणगुणते, हे मला माहीत नव्हतं. किती वर्षं गुणगुणते आहे, देव जाणे. मी घरात आलो की मीच बोलत असायचो.

तिनं आज माझ्याशेजारी बसून जुने फोटो लावले. हातांच्या खुणांनी बोलते आता. तळहात आडवा म्हणजे थांब, दोन बोटं म्हणजे पाण्यात उतर. मला कुठल्या पाण्यात उतरवते कोण जाणे, पण बरं वाटलं.

९ एप्रिल, बुधवार

आज बोललो.

बाईंनी सांगितलं, काहीही म्हणा, हळू. मी ठरवून गेलो होतो की बायकोचं नाव घ्यायचं. घेतलं. आणि मागे वळून बघितलं, कोण बोललं म्हणून! पातळ, खालच्या पट्टीतला, मध्येच वारा सुटलेला आवाज. दमेकरी माणूस जिना चढून आल्यावर बोलतो तसा. बायको हसून म्हणाली, छान आहे. तिला खोटं बोलता येत नाही. डावा कान ओढते. ओढलाच.

रोज थोडी मिनिटं बोलायची परवानगी. पुढे वाढवत न्यायची. ओरडायचं कधीच नाही.

संध्याकाळी आईचा फोन. बोलता आलं असतं, पण टकटकच केली. तिनं हा आवाज ऐकून 'कोण?' म्हटलं तर? नको. धीर होत नाही.

१३ एप्रिल, रविवार

मास्तरकडे गेलो. आठही गाणी ऐकली. फार सुंदर झाली आहेत, माझ्याच शब्दांवर माझा विश्वास बसेना. मग त्यानं 'पुकारा'चा बीट लावला. तो लिलावाच्या वेगाचा आहे, मीच तसा मागितला होता. माइकसमोर उभा राहिलो.

दुसऱ्या ओळीला दम संपला. तिसरीला आवाज फाटला. मास्तरनं बीट बंद केला आणि उगाचच वायरी गुंडाळत बसला. म्हणाला, अजून वेळ आहे. नाहीये वेळ. महिन्याभरात खोली जाणार, हे दोघांनाही माहीत आहे.

माझ्या अल्बमवर सगळ्यांचा आवाज असणार आणि माझाच नसणार. कुठल्या तोंडानं सांगू की मला चालेल? नाही चालणार.

२० एप्रिल, रविवार

काय घडलं ते नीट लिहिलं पाहिजे.

पोपट घरी आला. मोबाइल टेबलावर ठेवला, म्हणाला, रागावू नकोस, फक्त ऐक. आणि त्यानं 'पुकारा' लावलं.

मी! मी होतो तो! बाजाराच्या फाटकापर्यंत पोचणारा, घोगरा, पुढच्याच्या छातीत बोट रोवणारा माझा आवाज. 'एक वार, दोन वार'नंतरची ती जागा, तो धरलेला श्वास, सगळं. 'दिवसभर दुसऱ्याचा माल ओरडून विकतो' म्हणताना शेवटी मी जसा वर जायचो, तसाच वर गेलेला.

तेवढ्यात न्हाणीघरातून बायको धावत आली. केस ओले, हातात शिट्टी. आली ती माझ्यावरच ओरडत — पुन्हा? अजून अक्कल आली नाही? घसा फुटून मरायचंय? मी दोन्ही हात वर केले. तोंड बंद. मोबाइल वाजतच होता. तिनं मोबाइलकडे बघितलं, पोपटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि मटकन खाली बसून रडायला लागली.

ऑपरेशनच्या दिवशी रडली नव्हती. तो आवाज तिलाही हवा होता, हे मला आज कळलं.

पोपट हात जोडून म्हणाला की मास्तरकडून शब्द आणि तुझी जुनी स्टेजची रेकॉर्डिंगं घेऊन बसवलं, पण हे आपल्याबाहेर कोणाला सांगायचं नाही. माझं नाव कुठेही नको. तुझाच आवाज आहे, तुझ्याकडूनच घेतला होता, तुला परत देतोय.

२१ एप्रिल, सोमवार

ते गाणं आठ-दहा वेळा ऐकलं. आज आरशासमोर उभं राहून ओठही हलवले. लाज वाटते लिहायला. पण छान वाटलं.

२३ एप्रिल, बुधवार

मास्तर म्हणतो, घेऊन टाक. नकली काय त्यात? शब्द तुझे, चाल तुझी, आवाज तुझ्यासारखा. ऐकणाऱ्याला काय फरक? वकीलबाई म्हणाल्या, कायद्यानं विचारशील तर नाही म्हणेन, मैत्रीण म्हणून विचारशील तर हो म्हणेन. जुळ्यांत पहिल्यांदाच दोन मतं पडली.

सगळे माझ्यासाठीच बोलत आहेत. कोणीच चुकीचं नाही. म्हणून तर अवघड झालंय.

बायकोला विचारलं — पाटीवर नाही, तोंडानं, माझ्या ह्या फाटक्या आवाजात. ती भांडी पुसत होती. हातातलं भांडं पुसून झालं. मग म्हणाली, "तो आवाज ऐकून मी धावत आले. पण हल्ली तू बोलतोस, तेव्हा मी जवळ येऊन बसते." आणि पुसलेलं भांडं पुन्हा पुसलं.

२७ एप्रिल, रविवार

पोपटाला सांगितलं, पुसून टाक.

त्याला वाटलं जुना राग निघाला. तसं नाही, म्हणालो. तू इतकं सुरेख केलंस की मी त्याच्यामागे जन्मभर लपून बसलो असतो. लोकांनी बोलावलं असतं, आणि मी स्टेजवर ओठ हलवत उभा राहिलो असतो. म्हणजे नक्कल मीच करायची, तुझी! ते ऐकून तो हसला. हसता हसता नाक पुसलं आणि माझ्यासमोर पुसून टाकलं गाणं. गेलंच ते आता.

मग मास्तरनं बीटचा वेग अर्ध्यावर आणला. मी माइकच्या इतका जवळ गेलो की जाळीला ओठ लागले. मास्तर पुटपुटला, दहा वर्षं सांगतोय जवळ ये म्हणून. ओरडायचं नाही, ताणायचं नाही, दम संपला की थांबायचं. दोनच ओळी झाल्या आज:

दिवसभर दुसऱ्याचा माल ओरडून विकतो,
घरी आल्यावर हळू बोलायला कुठे शिकतो?

ह्या ओळी मी लिहिल्या तेव्हा टाळ्यांसाठी लिहिल्या होत्या. आज म्हणताना मला पुढचं म्हणता येईना. पोपट बाहेर जाऊन उभा राहिला.

४ मे, रविवार

झालं 'पुकारा'. रोज थोड्या ओळी, डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या मिनिटांत. आज शेवटचं कडवं.

ऐकलं. हा मी नाही, असंच वाटतं अजून. कोणी वयस्क, सावध माणूस माझे शब्द जपून मोजून देतोय. वाईट नाही. पण मी नाही. जुळे, मास्तर, वकीलबाई, सगळे चांगलं म्हणाले. ते म्हणणारच. त्यांना माहीत आहे तो कोण आहे आणि त्याला काय झालं. बाजारात शेठच्या भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, काका, झोप लागेल असं आहे, म्हणजे चांगल्या अर्थानं. ह्यापुढे त्याला काही ऐकवणार नाही!

ज्याला काहीच माहीत नाही, असं कोणी तरी ऐकायला हवं. कोण?

९ मे, शुक्रवार

बायकोनं मला न विचारता नऊही गाणी आईला पाठवली. नावं न घालता, नुसती. आईला एवढंच माहीत आहे की घशाचं बारीकसं काम झालं आणि मी कमी बोलतो.

भांडलो तिच्याशी. हळू आवाजात भांडलो. असं भांडण दोघांनाही झेपत नाही, मध्येच हसू आलं. पण फोन वाजला की मी दुसऱ्या खोलीत जातो.

११ मे, रविवार

आईचा फोन. बायकोनं स्पीकरवर ठेवला. आई म्हणाली, गाणी झकास आहेत हो, ती तराजूवाली बाई फार आवडली. "ह्याचं मात्र राहिलेलं दिसतंय. राहू दे, घसा बरा झाला की करेल, त्याला म्हणावं मनाला लावून घेऊ नकोस." मग म्हणाली, "पण तो शेवटचा कोण गं? हळू बोलतो तो? त्याचं ऐकताना मी गॅस बंद केला आणि खाली बसले. किती दिवसांत माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. त्याला म्हणावं, एकदा ये घरी."

बायकोनं फोन माझ्यापुढे धरला.

मी म्हणालो, "येतो, आई."